चौथी भिंत नसलेले घर

१ जानेवारी १८१८. भीमेच्या काठी कोरेगावात सकाळपासून लढाई पेटली होती. आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे जाता जाता येथे अडली. सुमारे पाचशे पायदळ, थोडे घोडदळ, दोन तोफा आणि चोवीस गोरे गोलंदाज असे तिचे बळ होते. समोर दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य होते. गावाच्या मातीच्या भिंतींचा आडोसा धरून दिवसभर गल्लीबोळांत झुंज चालली. जखमींना ठेवायला जागा हवी होती, ती मिळाली गावातल्या धर्मशाळेत. पुढे पेशव्यांच्या अरबांनी ती धर्मशाळाच काबीज केली. आत साहाय्यक सर्जन विंगेट मारला गेला. स्वॉन्स्टन आणि कॉनेलन हे दोन अधिकारीही जखमी होऊन तेथेच पडले होते. शिपायांनी पुन्हा चढाई करून धर्मशाळा परत घेतली म्हणून ते वाचले.

या लढाईबद्दल, तिच्यात लढलेल्या महार शिपायांबद्दल आणि १८२१ मध्ये पाया घातलेल्या विजयस्तंभाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लिहिले जायलाच हवे. मला बोलायचे आहे ते त्या धर्मशाळेबद्दल. त्या दिवशी ती दवाखाना झाली, मग रणांगण झाली. पण त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या हजारो रात्री ती काय होती? तेथे कोण उतरत असे, कोणाला उतरता येत नसे, छप्पर गळू लागले की ते कोण शाकारत असे? या साध्या प्रश्नांकडे आपल्या इतिहासलेखनाने फारसे पाहिलेले नाही. किल्ले आणि वाडे यांच्यावर आपली नजर खिळली, आणि रस्त्याच्या कडेची ही इमारत दुर्लक्षित राहिली.

कोरेगावाहून भीमा पूर्वेकडे वाहत जाते आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला येऊन मिळते. या दोन नद्यांच्या कवेत राहू आणि आजूबाजूची गावे वसली आहेत. लोक या भागाला राहू बेट म्हणतात ते त्यामुळेच. उत्तरेला भीमेपलीकडे शिरूर तालुका आणि पुण्याहून अहमदनगरला (आता अहिल्यानगर) जाणारी वाट, दक्षिणेला मुळा-मुठेपलीकडे यवत, केडगाव, पाटस या गावांवरून सोलापूरकडे जाणारी वाट. आज उसाच्या ट्रॉल्या पुलावरून सहज ये-जा करतात. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात पाणी चढले, की ते उतरेपर्यंत माणसाला अलीकडच्या तीरावर थांबावे लागे. अशा मुलखात थांबण्याची जागा ही चैन नव्हती. तिच्यावाचून बाजार, लग्न, वारी, सैन्याचा कूच, काहीच पार पडले नसते.

देशावरची जुनी धर्मशाळा डोळ्यांपुढे आणायची तर आधी तिचे जोते बघावे. काळ्या घडीव दगडाचे, कमरेएवढे किंवा त्याहून थोडे कमी, म्हणजे दिवसा त्यावर माणसे टेकू शकतील आणि रात्री गुरे वर चढणार नाहीत. जोत्याच्या पुढच्या कडेने दगडी तळखड्यांवर उभे केलेले लाकडी खांब, खांबांवर तुळया. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि इमारतीचे माप याच खणांनी सांगायचे: पाच खणी, सात खणी. मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत, दगडाची किंवा कच्च्या विटांची. पुढची बाजू मात्र संपूर्ण उघडी. दार नाही, म्हणून कडी नाही आणि कुलूपही नाही. शिरूर-दौंडसारख्या कमी पावसाच्या भागात वर बहुधा धाब्याचे सपाट छप्पर असे; तुळयांवर लाकडाच्या फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सह्याद्रीकडे सरकावे तसे धाबे मागे पडते आणि उतरते कौलारू छप्पर दिसू लागते.

आत भिंतीत देवळ्या: एकीत पणती, एकीत पाण्याचा तांब्या, एकीत कोणाचा तरी देव. सामानाची गाठोडी टांगायला खुंट्या. स्वयंपाक आत होत नसे. बाहेर अंगणात तीन दगड मांडून ज्याची त्याची चूल पेटे, त्यामुळे अंगण धुराने काळवंडलेले असे आणि आतली भिंत तुलनेने स्वच्छ राही. जवळच विहीर किंवा आड, एक वड किंवा पिंपळ, त्याभोवती पार, आणि बैल बांधायला जागा. तोंड बहुतेक वेळा रस्त्याकडे. येणाऱ्याला दुरूनच कळावे, की आत कोणी आहे की नाही, चूल पेटली आहे की नाही. पाटलाच्या चावडीपासून ती फार लांब नसे. अनोळखी माणूस गावात उतरला तर त्याची खबर वेशीवरच्या येसकराकडे आणि रामोशाकडे पोचत असे. प्रवाशाची राखण आणि प्रवाशावर नजर, दोन्ही कामे तेच लोक करत.

या रचनेत एक गोष्ट नाही, आणि सगळा पुढचा इतिहास तिच्या नसण्यातून घडला असे माझे मत आहे. धर्मशाळेत कोणाचे घर नाही. तेथे रोज राहणारे, चूल सांभाळणारे, गळती दिसताच छपरावर चढणारे कुटुंब नाही.

इंग्लंडमधल्या खेड्यातला पब पाहिला की हा फरक ठसठशीत दिसतो. सॉमरसेट परगण्यात नॉर्टन सेंट फिलिप नावाचे खेडे आहे. तेथले ‘जॉर्ज इन’ मध्ययुगात हिंटन येथल्या कार्थुझियन मठाच्या साधूंनी बांधले. लोकरीच्या जत्रेला येणारे व्यापारी उतरावेत आणि लोकर साठवता यावी, हा त्यामागचा हेतू. तळमजला दगडी, वरचे दोन मजले लाकडी चौकटीचे, एकेक मजला खालच्यापेक्षा थोडा रस्त्यावर झुकलेला. मध्ये कमानीचे प्रवेशद्वार, त्यातून आत गेले की मागे अंगण. छपरावर दगडी पातळ लाद्या. थंड देशातली इमारत असल्यामुळे तिचा जीव शेकोटीत: भिंतीत माणूस बसू शकेल एवढी मोठी चूल, तिच्या कडेला उंच पाठीचे बाक, बाकाची पाठ वाऱ्याला अडवणारी. आपल्याकडे वारा आत यावा म्हणून एक भिंत काढून टाकली. तिकडे वारा अडवण्यासाठी बाकालासुद्धा भिंत केली. हवामान इमारतीचा पहिला आराखडा काढते, तो असा.

म्हणजे मूळ पाहिले तर ही इमारतही देवाधर्माच्या माणसांनीच वाटसरूंसाठी उभी केली. फाटा फुटतो तो त्यानंतर. आठव्या हेन्री राजाने मठ मोडले. हिंटनचा मठ १५३९ मध्ये खालसा झाला. साधू गेले, पण इन बंद पडले नाही. तेथे खानावळवाला होता, त्याची बायकामुले होती, तळघरात पिंपे होती. मालक बदलला, भाडे दुसऱ्याच्या खिशात जाऊ लागले, चूल तीच राहिली. १६६८ मध्ये रोजनिशीकार सॅम्युअल पेपीस तेथे जेवला, १६८५ मध्ये बंडखोर ड्यूक ऑफ मन्मथने तेथे मुक्काम ठोकला, आणि आजही तेथे जेवण मिळते.

ज्या लांब लाकडी काउंटरवरून पबची ओळख पटते तो फार उशिराचा, एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी मालक किंवा मोलकरीण तळघरातून भांडे भरून आणून देई, घरात पाहुण्याला पाणी द्यावे तसे. १८३० च्या कायद्याने तर कोणाही करदात्याला दोन गिनी भरून आपल्या घरातच बिअर विकण्याची मुभा दिली आणि खेडोपाडी बैठकीच्या खोल्यांचे पब झाले. घर आणि दुकान एकाच छपराखाली असण्याचे फायदे इंग्रजांनी पुरेपूर घेतले. मात्र तेथेही सगळे एकाच बाकावर बसत नसत. मजुरांची खोली निराळी, तिची फरशी उघडी. जरा बऱ्या स्थितीतल्यांची निराळी, तिला गालिचा आणि दोन पैसे जास्त दर. त्यांची भिंत वर्गाची होती. आपल्या भिंतीकडे मी पुढे येणार आहे.

आपल्याकडची ही परंपरा इनपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि तिचे पुरावे दगडावर कोरलेले आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांनी खोदलेले लेणे आहे, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या लेखांचे. कोकणातून चढून आलेला व्यापारी तेथे दम खात असे. आत तिन्ही बाजूंनी दगडी बाक आणि दरीकडे उघडे तोंड. खणांचे माप आणि लाकडी तुळया सोडल्या तर आमच्या गावठी धर्मशाळेचा नकाशा आणि या लेण्याचा नकाशा एकच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यातला उषवदाताचा लेख इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला. नहपान क्षत्रपाचा हा जावई आपल्या दानांची यादी देतो. तीत भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिक आणि सोपारा, येथे बांधलेल्या चौसोपी धर्मशाळा आहेत; तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा आहेत; आणि काठांवर बसायचे मांडव आणि पाणपोया आहेत. नदी, नाव, पाणी आणि छप्पर यांचा विचार एकाच माणसाला एकत्र सुचावा, यात प्रवासाचा खरा अनुभव दिसतो. राहू बेटातल्या माणसाला ती यादी वाचून दाखवली तर त्यातला एकही शब्द समजावून द्यावा लागणार नाही.

मराठेशाहीत हे काम देवस्थाने आणि सरदार यांच्याकडे आले. अहिल्याबाई होळकरांचे नाव या बाबतीत आधी घ्यावे लागते. नगर जिल्ह्यातल्या चोंडीच्या या बाईने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी तळे आणि देऊळ बांधले; घाट चढण्यापूर्वी माणसाने आणि बैलाने पाणी प्यावे म्हणून. राहूच्या जवळ, मुळा-मुठेच्या काठी, थेऊरचा चिंतामणी आहे. तेथला लाकडी सभामंडप थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधवला, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्याच देवळाच्या सान्निध्यात त्यांनी प्राण सोडला. अष्टविनायकाच्या वाटेवरच्या गावांत देवळाचा सभामंडप आणि भोवतालच्या ओवऱ्या याच रात्रीच्या धर्मशाळा होत. दिवसा कीर्तन, रात्री वळकटी. पुण्याहून निघालेला कुळकर्णी असो की नगरकडून आलेला घोंगड्या विकणारा धनगर, त्याची पाठ टेके ती बहुधा अशाच एखाद्या खांबाला.

दारू या चित्रात नाही, आणि पबशी तुलना करताना हे स्पष्ट सांगायला हवे. दारू नव्हती असे नाही. मोहाची होती, ताडी होती, कलालाचे दुकान होते. पण ते वस्तीच्या कडेला. मुक्कामाची जागा पुण्याईची, पिण्याची जागा लाजेची, अशी फारकत समाजाने फार आधी करून टाकली होती. पेशव्यांच्या राज्यात पुण्यात दारूवर बंदी होती आणि तोफखान्यातल्या ख्रिस्ती लोकांना तिच्यातून सूट होती. इंग्रज आले आणि त्यांनी दारूकडे उत्पन्न म्हणून पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून मोठ्या सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांकडे धंदा वळवला आणि दुकानांचे लिलाव होऊ लागले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या वाढत्या दुकानांना लेखी विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांपुढे निदर्शने झाली. गुत्ता ही इमारत म्हणून कधी घडलीच नाही. तिला जोते नाही, खण नाही, बसायची जागा नाही. उभ्याने प्यायचे आणि निघायचे. जेथे माणसाला थांबायला लाज वाटते तेथे वास्तुकला जन्माला येत नाही.

आता १८१८ नंतरचा भाग. पेशवाई गेली. हिंटनच्या मठासारखेच येथेही झाले. ज्यांनी इमारती उभारल्या त्यांचे हात एकाएकी गळाले. सरदारांचे उत्पन्न आटले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि सनदा तपासून अनेक इनामे खालसा झाली. धर्मशाळेच्या दिवाबत्तीला, पाणक्याला, दुरुस्तीला लावून दिलेल्या जमिनींची वासलात काय लागली असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. आणि येथे खानावळवाला नव्हता. मालक गेल्यावर चूल पुढे चालवायला आत कोणीच नव्हते.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा पट्टी बसली आणि १८६९ च्या कायद्याने तिला लोकल फंडाचे पक्के रूप आले. दोन तृतीयांश रस्त्यांसारख्या कामांना, एक तृतीयांश शाळांना. रस्त्यांच्या वाट्यातून विहिरी आणि धर्मशाळाही झाल्या. आज गावात दिसणारी चुन्याच्या बांधणीची, कौलारू, सरळ रेषेतली धर्मशाळा बरेचदा याच काळातली असते; तिचे खांब सरळसोट, त्यावर नक्षी नाही, आणि भिंतीवर देवळ्या कमी. पैसा शेतकऱ्याचा, आराखडा पब्लिक वर्क्स खात्याचा. पुष्कळ गावांतली पहिली सरकारी शाळाही अशाच धर्मशाळेत किंवा चावडीत किंवा देवळात भरली. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने बाराखडी गिरवली ती चौथी भिंत नसलेल्या खोलीत, समोरून जाणाऱ्या बैलगाड्या बघत.

साहेबासाठी मात्र निराळी इमारत झाली, मुसाफिर बंगला. उंच जोते, चारही बाजूंनी फिरता व्हरांडा, मध्ये खोल्यांचे दोन संच, प्रत्येकाला स्वतंत्र न्हाणी, मागे लांबवर बबर्चीखाना. एक खानसामा, एक नोंदवही, ठरलेले भाडे. घरासारखा, आणि तरी कोणाचेच घर नसलेला. इंग्रजाने आपल्या खेड्यातला पब हिंदुस्थानात आणला नाही. छावणीत त्याने मेस आणली, थंड हवेच्या ठिकाणी क्लब आणला, आणि रस्त्यावर हा बंगला. तिन्हींच्या फाटकावर पहारा होता. शिरूरची छावणी कोरेगावच्या लढाईआधीपासूनची. तेथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि त्याच्या थडग्याला आसपासचे लोक सत्पुरुष म्हणून नैवेद्य दाखवू लागले. मेलेल्या साहेबाच्या ओट्यावर गावकऱ्याला बसता येत होते. जिवंत साहेबाच्या व्हरांड्यावर नाही.

मग रेल्वे. १४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती पुण्याहून दौंडमार्गे डिकसळपर्यंत धावू लागली, १८६३ मध्ये बोरघाट जोडला गेला, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला. यवत, केडगाव, पाटस ही स्टेशने झाली. चार मुक्कामांचा प्रवास एका रात्रीवर आला आणि रस्त्याकाठच्या धर्मशाळांचे कामच संपले. विलायतेत हेच घडले होते. घोडागाड्यांच्या थांब्यांवर उभी राहिलेली मोठमोठी इन रेल्वेने ओस पाडली. लंडनच्या साउदार्क भागातले, १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेले ‘जॉर्ज इन’ तर एका रेल्वे कंपनीच्याच मालकीचे झाले. १८८९ मध्ये कंपनीने त्याच्या तीनपैकी दोन बाजूंचे सज्जे पाडून टाकले. जी बाजू उरली ती १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आली, आणि आजही तेथे पेला भरला जातो. खेड्यातले पब तर टिकलेच. परगावचा वाटसरू गेला तरी गावातला गिऱ्हाईक संध्याकाळी येतच राहिला, आणि मालकाचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होते.

आता आपली भिंत. पुढून उघडी असलेली ही इमारत सगळ्यांना उघडी नव्हती. गावगाड्याच्या नियमाने अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला धर्मशाळेच्या जोत्यावर पाय ठेवता येत नसे, विहिरीवर तर नाहीच. ज्या येसकराने वाटसरूची राखण करायची, त्याने स्वतः मात्र बाहेर झाडाखाली. कोरेगावच्या धर्मशाळेसाठी ज्या शिपायांनी रक्त सांडले, त्यांच्यातल्या महारांना शांततेच्या दिवसांत त्याच छपराखाली रात्र काढता आली असती का, हा प्रश्न विचारल्याशिवाय मला या इमारतीचे कौतुक पुढे नेता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बाबतीतले आपले अनुभव लिहून ठेवले आहेत. १९०१ च्या उन्हाळ्यात ते, त्यांचे भाऊ आणि भाचा साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. बैलगाडीने पुढे जाताना रात्र एका टोलनाक्यापाशी काढावी लागली. शिदोरी भरपूर होती. पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. पुढे १९१७ मध्ये, कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले हेच आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी उतारूगृहात ते पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावरची ती जागा, शेजारच्या दिवाणखान्यात भरलेले मोडके बाक आणि खुर्च्या, रात्री एक कंदील, आणि सोबतीला कोणी नाही. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथूनही जावे लागले. महाराष्ट्रातल्या मुक्कामाच्या जागांचा इतिहास लिहायचा तर त्याचे मधले पान हे आहे.

ते पान उलटण्याची सुरुवात एका ठरावाने झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा आणि धर्मशाळांचा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्यांना करू द्यावा. लोकल फंडाचा एक आणा सगळ्यांच्या शेतसाऱ्यातून आलेला होता, तेव्हा त्यातून झालेले छप्परही सगळ्यांचे, हे इतके सरळ आहे. याच ठरावाच्या आधारे महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले आणि तो हक्क प्रत्यक्ष बजावण्यासाठी मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. चवदार तळे आपल्या स्मरणात पक्के बसले, ते योग्यच आहे. त्याच ठरावात धर्मशाळा हा शब्द आहे, हे मात्र आपण विसरलो.

कायदेमंडळाबाहेर हेच काम एका वेगळ्या माणसाने हाती घेतले होते. अमरावतीकडचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, खराटा हातात घेऊन पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या करत होते. त्यांच्यामागे ना इनाम, ना लोकल फंड. कीर्तनाला जमलेल्या माणसांकडून आलेला पैसा. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ज्यांना वारीत कोठेच छप्पर नव्हते त्यांच्यासाठी, आणि १९४९ मध्ये ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. मला गाडगेबाबांच्या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती एक व्यवहारी गोष्ट. त्यांनी इमारत बांधून सोडून दिली नाही. तिची झाडलोट, तिचा विश्वस्त, तिचा रोजचा खर्च, आणि तेथे कायम राहून ती सांभाळणारी माणसे यांची तजवीज केली. देशावरच्या धर्मशाळेत शतकानुशतके जे नव्हते ते त्यांनी आत आणून बसवले.

रस्ते पुन्हा जागे झाले ते एसटीमुळे. राज्य परिवहनची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर आणि पुण्याच्या दरम्यान धावली. लाकडी बांधणीची, काथ्याच्या बैठकांची गाडी. वाटेत सुपे, शिरूर, लोणी अशा ठिकाणी लोकांनी तिचे स्वागत केले. स्टाँटनची पलटण ज्या रस्त्याने कोरेगावला आली तोच हा रस्ता. एसटीबरोबर गावोगाव एक छोटी इमारत आली, प्रवासी निवारा. आमदार किंवा खासदार निधीतून बांधलेला, वर नाव रंगवलेला, आत सिमेंटचा कट्टा. मागे भिंत, दोन्ही बाजूंना भिंत, पुढची बाजू उघडी. बांधणाऱ्या ठेकेदाराला नाणेघाट ठाऊक नसेल, उषवदात तर नाहीच. तरी हा आकार त्याच्या हातून उतरतो, कारण ऊन आणि वाट बघणारे डोळे यांना तोच मानवतो. आणि त्याची दुखणीही तीच आहेत: फुटलेला पत्रा, गळके छप्पर, आत बांधलेली शेळी. सांभाळणारे कोणी नाही.

जुन्या धर्मशाळांचे काय झाले ते कोणत्याही गावात हिंडून पाहावे. एखादीची ग्रामपंचायत झाली, एखादीत सोसायटीचे खताचे गोदाम, एखादीला पुढून भिंत घालून तालीम किंवा समाजमंदिर केलेले. काहींचे सागवानी खांब विकले गेले आणि शहरातल्या उपाहारगृहांत शोभेला उभे राहिले. इंग्लंडने १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने जुन्या इमारतींची यादी करायला घेतली आणि साध्या खेड्यातले पबही तीत नोंदवले. कोणता खांब किती सालचा, शेकोटी कोठे, वरचा मजला कधी वाढवला, हे लिहिले. आपल्या १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या राज्य कायद्याच्या संरक्षणात किल्ले आहेत, देवळे आहेत, लेणी आहेत. गावची धर्मशाळा त्या यादीत क्वचितच सापडते. जिल्हा परिषदेच्या मालमत्ता नोंदीत तिचे क्षेत्रफळ असते, वय नसते. निदान मोजमापे घेऊन, खण मोजून, एक नकाशा आणि चार छायाचित्रे एवढे तरी प्रत्येक गावाने करून ठेवायला हवे. त्याला निधी लागत नाही. दहावीतली मुले एका सुट्टीत ते करू शकतात.

राहूपासून जवळच, आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी दरवर्षी यवतला मुक्काम करते, काळभैरवनाथाच्या देवळात. त्या रात्री यवतची पिठले-भाकरी ठरलेली. भाकऱ्या आसपासच्या घराघरांतून येतात, पिठले मोठमोठ्या कढयांत शिजते. वारकरी देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, दुकानांच्या फळ्यांवर, लोकांच्या ओसऱ्यांवर निजतात. एका रात्रीपुरते सगळे गावच धर्मशाळा होते, आणि या धर्मशाळेत राहती माणसे असतात, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली आहे.

आणि ज्याला वारीला नव्हे, दवाखान्याला जायचे आहे, त्याचे काय? परळच्या टाटा हॉस्पिटलात खेड्यापाड्यांतून कर्करोगाचे रुग्ण येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतो, मुंबईत राहायला जागा परवडत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा त्यांच्यासाठी चालते. अगदी थोड्या पैशांत रुग्ण आणि त्याच्याबरोबरचा माणूस तेथे राहतो, जेवतो आणि तपासणीच्या तारखेला परळला जाऊन येतो.